आक्काच्या टीव्हीची केबल

गडमुडशिंगी
७ सप्टेंबर २०२५

चि. अण्णासो यास आक्काचा आशीर्वाद.

अक्षरं मोठी काढलीत, कागद जास्त लागला म्हणून हसू नकोस. मोतीबिंदू पिकू दे, थंडी सरल्यावर काढू, असं डाक्टर म्हणतोय. तवर मी माणसं तोंडावरनं न्हाय, चालीवरनं ओळखतो. फोन केला असता, पण तुझे कान गेल्यापासनं तुला फोन लावणं म्हंजे भिंतीशी बोलणं. म्हणून हे टपाल. तू पण मोठ्या अक्षरात लिहीत जा.

पत्रास कारण की, विश्वजितनं टीव्ही पाठवलाय. त्यानं तिकडं कॅनडात बटण दाबलं आणि इकडं कोल्हापुरातनं टेम्पो दारात. गणपतीच्या आधीच आला. केवढा म्हणशील तर आपल्या माजघराच्या दारातनं आडवा घ्यावा लागला. भिंतीला टांगून गेली माणसं. मी रीतसर पूजा केली, हळदकुंकू, अक्षता, नारळ, गल्लीत पेढे. सगळ्यांनी विचारलं, लाव की आक्का. आता लावू काय, कपाळ?

विश्वजित मागच्या खेपेला त्याचा जुना लॅपटॉप ठेवून गेलाय. शेजारची शिवानी कोल्हापुरात नोकरीला जाती, ती ऐतवारी सवडीनं येऊन तो चालू करून देती, मग विश्वजित दिसतोय. म्हंजे तिला दिसतोय. मला नुसता आवाज. माझी नात मोना दीड वर्षाची झाली की रे, आणि मला ती त्यात माशीएवढी दिसतीया. म्हणून हा टीव्ही. भाऊबीजेला मोना चालून दाखवणार हाय, आई तू मोठ्या पडद्यावर बघ, असं त्यानं सांगितलंय. पण लॅपटॉपमधलं टीव्हीत न्यायला मधी केबल लागती, आणि ती खोक्यात न्हाय.

मी आणि शिवानी दुकानात गेलतो. ते पोरगं विचारतंय, टू पॉइंट झिरो देऊ का टू पॉइंट वन, फोर के का एट के, सोन्याचा मुलामा देऊ का साधी? म्हटलं, बाबा, केबल पायजे, मंगळसूत्र न्हवं. तसंच माघारी आलो.

तू उभा जन्म टीव्ही उघडण्यात घालवलास. कुठली घ्यायची तूच सांग. न्हायतर येऊनच बघ. चिमणाबाई होती तवर दर भाऊबीजेला जोडीनं यायचास. ती गेली आणि तुला माझ्या घराची वाटच मोडली.

तुझी आक्का


आजरा
१२ सप्टेंबर

ती. आक्कास साष्टांग नमस्कार.

पत्र पोचले. दुकानातल्या पोरांचं ऐकू नकोस. त्यांना टीव्ही विकता येतो, उघडता येत नाही. सोबत केबल पाठवली आहे. लाल, पिवळा, पांढरा अशी तीन टोकं आहेत. पिवळं चित्राचं, उरलेली दोन आवाजाची. ज्या रंगाचं टोक त्या रंगाच्या भोकात. ही माझ्याच दुकानातली आहे, दुकान बंद केलं तेव्हा चांगल्या वस्तू घरी आणून ठेवल्या होत्या. हिच्यावर मी आजऱ्यातल्या निम्म्या लग्नांच्या कॅशेटी चालवल्यात.

येण्याचं म्हणशील तर जमत नाही. भात पोटरीला आलंय आणि इकडं हत्ती फिरतोय. रान सोडून हलता येत नाही. घनसाळ तांदूळ या वर्षी चांगला येईल असं दिसतं. गेल्या वर्षीचा तुझ्याकडं आहे ना अजून? संपला असला तर कळव.

तब्येतीस जप.

तुझा अण्णासो


गडमुडशिंगी
१८ सप्टेंबर

चि. अण्णासो,

तुझी केबल बघून शिवानी पदर तोंडाला लावून हसली. पदर न्हाय, ओढणी. म्हणाली, आक्का, ही आमच्या बाबांच्या काळातली. ह्या टीव्हीला लाल न्हाय, पिवळं न्हाय, गोल भोकच न्हाय. मी पाठीमागं हात घालून चाचपलं. एकाखाली एक तीन भोकं हायत, चपटी. वर रुंद आणि खाली निमुळती, घमेलं बाजूनं बघितल्यावर दिसतंय तशी. लॅपटॉपला पण तसलंच एक हाय. पेन्सिलीनं काढून पाठवतोय, बघ.

आणि हत्ती काय तुझ्या गोठ्यात बांधलाय व्हय रे? हत्ती आला तर तू काय त्याच्याशी कुस्ती धरणार? यायचं न्हाय तर न्हाय म्हण की. मला चालतंय. एकटी जेवतो, एकटी बोलतो, आता एकटीच केबल लावतो.

घनसाळ हाय. सणालाच काढतो, रोज खाल्ला तर संपंल. शिजला की गल्लीला वास जातोय आणि मग कोण ना कोण डोकावतंय, तेवढाच फायदा.

आक्का


आजरा
२४ सप्टेंबर

ती. आक्कास नमस्कार.

तुझं चित्र घेऊन बाजारातल्या दुकानात गेलो. दुकानदार ओळखीचा आहे, मला ऐकू येत नाही हे त्याला माहीत आहे, तो कागदावर लिहून बोलतो. अर्धा दिवस त्याला लिहायला लावलं. बिचारा वैतागला, पण शिकवलंन. म्हातारपणी मी पुन्हा पहिलीत बसलो असं समज.

तर ऐक. तुझ्या भोकाला एचडीएमआय म्हणतात. चित्र आणि आवाज एकाच वायरीतनं जातात. तुझ्या टीव्हीला आणि त्या जुन्या लॅपटॉपला साधी 'हाय स्पीड' लिहिलेली केबल पुरे. टू पॉइंट वन, एट के, सोन्याचा मुलामा, हे सगळं तुला कशाला? आमच्या वेळी वायर भिकार असली की चित्र भिकार यायचं, मुंग्या यायच्या, माणसाला दोन डोकी दिसायची. मग मी अँटेना हलवायचो, ठोकायचो, काहीतरी व्हायचं. ह्यात तसं नाही. आलं तर पुरं येतं, नाहीतर पडद्यावर लिहून येतं, 'सिग्नल नाही'. केबल गरजेपेक्षा लांबही नको. टीव्हीखाली टेबल ठेवून त्यावर लॅपटॉप ठेवायचा. तेवढ्या मापाची पाठवतोय.

एक टोक लॅपटॉपला, एक टीव्हीला. पूर्ण आत जाऊ दे. मग रिमोटवर 'सोर्स' दाबायचं. इतकंच.

हत्ती खरंच आहे. चेष्टा करू नकोस.

अण्णासो


गडमुडशिंगी
३ ऑक्टोबर

अण्णा,

काल दसरा झाला. सोनं द्यायला शिवानी आली तेवढीच. बाकीची मोबाईलवर आपट्याच्या पानाचं चित्र पाठवत्यात म्हणं. मला काय दिसतंय त्यातलं. पुरणपोळी केलती, चार माणसांची करायची हाताची सवय जात न्हाय. उरलेली गाईला घातली.

आता तुझ्या केबलचं. लॅपटॉपात नीट बसली, खटकन वाजलं पण. टीव्हीत जात न्हाय. अर्ध्यात जाऊन अडती. तिन्ही भोकांत घालून बघितली, तिन्हींत तेच. पडद्यावर आलं, सिग्नल नाही. शिवानी म्हणती, जोर लावला आणि आतलं मोडलं तर विश्वजितदादा मला बोलतील. तिनं कंपनीत फोन केला, तर दिवाळीनंतर माणूस पाठवतो म्हणाले. दिवाळीनंतर काय करायचाय? मोना भाऊबीजेला चालणार हाय, ती काय कंपनीच्या माणसासाठी थांबती?

विश्वजितला सांगितलं तर म्हणाला, आई, एवढं टेन्शन नको घेऊस, पुढच्या वर्षी आम्ही आलो की लावू. पुढच्या वर्षी. गेल्या वर्षी पण पुढच्याच वर्षी म्हणाला हुता.

तुला राग येईल, येऊ दे. मी दसऱ्याला सकाळपासनं दारात बसलो हुतो. सण हाय, भाऊ येईल, हत्तीला कोण तरी बघंल. कोण पण आलं न्हाय. तुला एक बहीण हाय अण्णा, धा न्हाईत.

आक्का


आजरा
८ ऑक्टोबर

आक्का,

आधी केबलचं लिहितो, मग दुसरं. अर्ध्यात अडते म्हणजे डोकं जाड असणार. दुकानदाराशी भांडलो. तो लिहितो की सगळ्यांचं माप एकच असतं. मी लिहिलं, मग माझी बहीण काय खोटं बोलती? त्यानं बारीक डोक्याची दिली, बाहेरचं रबर कमी आहे. पाठवतोय. ही बसायलाच पाहिजे.

आता दुसरं. सांगणार नव्हतो, पण तू दारात बसली होतीस हे वाचलं आणि जेवण गेलं नाही.

मी दसऱ्याला निघालतो, आक्का. नवा सदरा घातला, तुझ्यासाठी काजू घेतले. कोल्हापूरच्या स्टँडपर्यंत बरोबर आलो. तिथनं मुडशिंगीची गाडी म्हणून बसलो, पाटी तीच होती. मग कंडक्टरनं काहीतरी पुकारलं आणि बरीच माणसं उतरली. मला वाटलं, बरं झालं, जागा झाली. तिकिटाला आला तेव्हा मी मुडशिंगी म्हणालो. तो काहीतरी म्हणाला. मी मान हलवली. ऐकू आलं नाही की मी मान हलवतो, हसतो. सवय लागलीय. दोनदा दोनदा विचारलं की माणसं ओरडतात, तोंडं वाकडी करतात, त्यापेक्षा मान हलवलेली बरी. त्यानं पण दिलं तिकीट, मी न बघता खिशात घातलं.

गाडी शिरोळला गेली. उतरलो तर चारी बाजूला ऊस. एकाला विचारलं, पावणं, हे कुठलं गाव? त्यानं सांगितलं. मी मान हलवली. मग दुकानावरची पाटी वाचली तेव्हा कळलं. तिथं बाकावर बसून राहिलो. काय करावं सुचेना. पुन्हा कुणाला विचारायचा धीर होईना. शेवटी एक मास्तर भेटले, त्यांना तिकीट दाखवून ऐकू येत नाही असं खुणेनं सांगितलं. त्यांनी मला परतीच्या गाडीत बसवलं. कोल्हापुरात आलो आणि तुझ्याकडं न येता सरळ आजऱ्याची गाडी धरली. घर गाठलं की बरं, एवढंच डोक्यात.

चिमणा होती तेव्हा ती ऐकायची आणि माझ्या कोपराला धरायची. उतरायचं असलं की एकदा दाबायची. आता कोपराला कोण नाही. हत्ती गेल्याच महिन्यात चंदगडकडं गेलाय.

अण्णासो


गडमुडशिंगी
१२ ऑक्टोबर

माझ्या अण्णा,

तुझं पत्र शिवानीकडनं न्हाय, माझं मीच वाचलं. भिंग घेऊन, उन्हात बसून. पुन्हा वाचलं. शिरोळात बसलास आणि माझ्याकडं आला न्हाईस, वेडा कुठला. रात झाली असती तरी काय झालं असतं? दार उघडंच असतंय माझं.

बारीक डोक्याची पण अडती. आता केबल पाठवू नकोस. माझ्याकडं तीन झाल्या, वाळवण घालायला दोरी झाली. दुकानदाराला पण सोड, त्याच्या बायकोचे शिव्याशाप लागतील.

पत्राबरोबर पुठ्ठा घातलाय बघ. शिवानीच्या लग्नपत्रिकेचा हाय, चांगला जाड. त्याच्यावर मी स्वतः लिहिलंय: 'हा माझा धाकटा भाऊ अण्णासो. ह्याला ऐकू येत न्हाय. मान हलवली तरी समजायचं न्हाय. ह्याला गडमुडशिंगीला पोचवा. आक्का वाट बघत हाय.' पाठीमागं आजऱ्याला पोचवा असं हाय, ते परतीला. कंडक्टरच्या नाकासमोर धरायचा. लाज वाटली तर माझ्या नावानं शिव्या घाल, पण धर. आंधळी बहीण आणि बहिरा भाऊ, आता लाजायचं काय राहिलंय आपल्याला?

तेवीस तारखेला भाऊबीज. टीव्ही लागला तर लागला. न्हाय लागला तर त्या काळ्या काचेसमोर पाट मांडून ओवाळतो. पण ये.

आक्का


आजरा
२८ ऑक्टोबर

ती. आक्कास साष्टांग नमस्कार.

सुखरूप पोचलो. पुठ्ठा कंडक्टरनं वाचला, मग ड्रायव्हरला दाखवला, मग गाडीभर फिरला. एका बाईनं मला लाडू दिला. उतरायचं आलं तेव्हा चार माणसांनी चार बाजूनं माझं कोपर दाबलं. घरी येऊन पुठ्ठा देव्हाऱ्यात ठेवलाय.

हसू मात्र अजून आवरत नाही. तीन केबली पाठवल्या. दुकानदाराला शिव्या घातल्या, त्याच्याशी वाकडं घेतलं. लाल-पिवळी, साधी, बारीक डोक्याची. आणि बॅटरी मारून तुझ्या टीव्हीच्या भोकात बघतो तर काय, आत कुंकू! वाळून विटेसारखं बसलेलं. आणि कुंकवात रुतलेली अक्षता! प्रत्येक भोकात एक एक. मी चिमट्यानं दाणा काढला आणि उजेडात धरला. आक्का, तो घनसाळ होता. माझ्या रानातला. आजऱ्याहून मी पाठवलेल्या तांदळानंच आजऱ्याहून मी पाठवलेल्या केबली अडवल्या होत्या. उभ्या जन्मात टीव्हीतनं मी झुरळं काढली, पाली काढल्या, एकदा उंदराची पिल्लं काढली. अक्षता पहिल्यांदा काढल्या.

मी ओरडलो तुझ्यावर, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. मला माझा आवाज कळत नाही. मला कळावं म्हणून तू पाटीवर खडूनं लिहिलंस ते मात्र विसरता येत नाही. काचेला बोट लावू नको असं विश्वजितनं बजावलं होतं, म्हणून कुंकू मागनं लावलं. तीन भोकं हाताला लागली, एकाला लावून दोघांना कोरडं कसं ठेवायचं, म्हणून तिघांना लावलं. आणि दाजी गेल्यापासनं तुझा कुंकवाचा करंडा उघडलाच नव्हता, तो भरलेला होता, म्हणून हात सैल सुटला. हे वाचलं आणि मी चिमटा खाली ठेवला. बरं झालं तुला नीट दिसत नाही.

मोना आली तेव्हाचं लिहू काय? तू काचेला नाक लावून उभी होतीस. ती उठली, पडली, उठली. मी मोठ्यानं सांगत होतो, आक्का, लाल झबलं, आक्का, पुढचे दात आलेत, आक्का, चालली, तुझ्यासारखीच बाहेर पाय टाकते. आणि ती आजी म्हणाली की काय ते तू पाटीवर लिहून मला दाखवलंस. 'जी' एवढंच म्हणते असं लिहिलंस. विश्वजित माझ्याशी बोलला तेव्हा मी मान हलवली. तू पाटी पुढं केलीस तेव्हा कळलं की तो विचारत होता, मामा, तुमची तब्येत बिघडली होती का?

मग तिकडं कुणीतरी दार वाजवलं आणि तो गेला. पडदा काळा झाला. काचेत आपण दोघंच दिसत होतो, शेजारी शेजारी बसलेले. तू पाटीवर विचारलंस, गेली का सगळी? मी उगाच म्हणालो, नेट गेलं असेल.

हे घर त्या दिवसापासनं जास्तच मोकळं वाटतंय. पण तुझं काम झालं, टीव्ही लागला, हे चांगलं झालं. आता केबल काढू नकोस, आहे तशी राहू दे.

तुझा अण्णासो


गडमुडशिंगी
९ नोव्हेंबर

चि. अण्णासो यास आशीर्वाद.

टीव्ही झकास चाललाय. दोन ऐतवार मोना बघितली. शिवानी आता नुसतं बटण दाबती, केबलला कोण हात लावत न्हाय. विश्वजित खूश हाय. म्हणतोय, आई, आता तुला एकटं वाटणार नाही. मी म्हटलं, व्हय बाबा. आता मी पण मान हलवायला शिकलो.

पण खरं सांगू? ते दहा मिनटं बोलत्यात. मग काच काळी पडती. आधी नुसती भिंत हुती, तिच्याकडं कोण बघत हुतं? आता ती काच दिसतीया आणि तिच्यात मी एकटीच बसलेली दिसतीया. त्या दिवशी तू शेजारी हुतास. घर खायला उठतंय अण्णा. तू ओरडत हुतास ते बरं वाटत हुतं. मला तेवढ्या मोठ्यानं बोललेलं आवडतंय, कुणी तरी घरात हाय असं वाटतंय. पलीकडच्या गल्लीतनं बायका विचारायला आल्या, भांडण लागलं काय म्हणून. म्हटलं, न्हाय, भाऊ आलाय.

डोळ्याचं डाक्टर म्हणतोय, माघात काढू. संगती कुणीतरी माणूस आणा म्हणाला. ते पण तुलाच सांगायचं हाय, पण त्याच्या आधीचं एक हाय.

येत्या दत्तजयंतीला मी टीव्हीची पूजा घालणार. गणपतीच्या आधी अजाणता घातली, आता जाणून घालणार. करंडा भरून ठेवलाय, कुंकू चांगलं ओलं कालवतो. अक्षतांना तुझाच घनसाळ हाय. कुठं लावायचं ते मला आता ठाऊक हाय.

भिऊ नकोस, एक भोक मोनाला मोकळं ठेवलंय. बाकीची दोन तुझी.

चिमटा घेऊन ये. केबल पाठवू नकोस.

तुझी आक्का